मिठाआधीचा घास

मित्रांनो, एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली एका घरात एकाच वेळी दोन तोंडांत दात नव्हते. त्या घरातली मी पितळी चाळण. आता माझ्या कडेला पोचा आला आहे, कल्हई विटली आहे आणि म्हातारपणी बोलायची सवय वाढली आहे, तेवढी चालवून घ्या.

तांबटाने माझी भोके हाताने एकेक करून पाडली, म्हणून ती सगळी सारखी नाहीत. ‘चाळणी म्हणते सुईला, तुझ्या नाकाला भोक’ ही म्हण माणसे माझ्या देखत खुशाल म्हणतात. त्यात माझे नशीब असे, की मी पडले ती एका शिंप्याच्या घरात, म्हणजे सुयांच्याच राज्यात.

स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून मला पलीकडची खिडकी दिसे आणि तिच्यापाशी मांडलेले शिवणयंत्रही. त्यावर आजोबा बसत. दोरा कधी कात्रीने तोडायचे नाहीत, दाताने तोडायचे. त्या वर्षी हिरड्या बिघडल्या आणि डॉक्टरांनी सगळे दात काढले. कवळी केली, ती टोचू लागली, म्हणून ती टेबलाच्या खणात बटणांच्या शेजारी जाऊन पडली.

सूनबाईने भात-भाजी कुस्करून त्यांच्यापुढे ठेवली. आजोबांनी ताटाकडे पाहिले आणि म्हणाले, “आता मला पाळण्यातच घाला.” मग उठून गेले. त्या दिवसापासून जेवायला बोलावले की भूक नाही असे सांगत. नुसता चहा आणि दूध.

एका दुपारी सूनबाई त्यांच्या विजारी वाळत घालत होती. कंबरेला नवी शिवण दिसली. तिने दुसरी विजार पाहिली, तिलाही तीच. कोणाला कळू न देता म्हातारा स्वतःच्याच विजारी आवळत होता.

दुसरे बिनदाताचे तोंड होते तिच्या मुलीचे. नाव काहीही असो, सगळे तिला गोटी म्हणत. ती सात महिन्यांची झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितले, की बाळासाठी वेगळी चूल मांडायला नको. घरात शिजते त्यातलेच मीठ-तिखट पडायच्या आधी काढून घ्या आणि मऊ करा. अशी मी खिळ्यावरून खाली आले. गाजर, बटाटा, भोपळा, गुरगुट्या भात, जे शिजेल ते सूनबाई माझ्यावर घाली आणि डावाच्या पाठीने दाबी. खाली मऊसूत गोळा पडे. पण गोटी ओठ मिटून बसे, नाहीतर फुर्रकन आईच्या अंगावर उडवी.

एका सकाळी दूध उतू जाऊ लागले. सूनबाईने गोटीला आणि वाटीला आजोबांच्या हवाली केले आणि चुलीकडे धावली. आजोबांनी चमचा पुढे केला. गोटीचे ओठ घट्ट. तेव्हा त्यांनी तिला दाखवायला स्वतःच ‘आ’ केला, चमचा तोंडात घातला आणि घास गिळला. गोटी बघत राहिली. तिचेही तोंड उघडले. एक घास तिला, एक त्यांना, असे करत वाटी रिकामी झाली.

सूनबाईने चुलीपाशी उभे राहून सगळे पाहिले.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर दुप्पट भाजी पडली. एवढ्याशा जिवाला एवढे कशाला, असे मला वाटले, पण चाळणीला कोण विचारतो? वाटीच्या जागी वाडगा आला. वाडग्यात चमचे दोन. एक खाली पडला तर दुसरा असावा, असे सूनबाई सहज म्हणाली. आजोबांनीही सहजच मान हलवली.

छापखान्यातून घरी आलेला आजोबांचा मुलगा रिकामा वाडगा बघून एकदा म्हणाला, “पोरगी एवढीशी, पण खाते हमालासारखी!”

“वाढतं अंग आहे,” सूनबाई म्हणाली. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले.

असे बरेच दिवस चालले. सूनबाईला एकच धास्ती होती. म्हाताऱ्याला कळले तर तो चमचा खाली ठेवील आणि पुन्हा हातात घेणार नाही. म्हणून ती जेवणाच्या वेळी तिकडे पाठ करून उभी राही.

आणि एके दिवशी मागून आजोबांचा आवाज आला. “सूनबाई.”

तिचा हात माझ्यावरच थांबला.

“गोटीला अळणी चालतं. मला नाही चालत.” त्यांनी चमच्याच्या टोकाने वाडग्यातल्या गोळ्यावर मधोमध रेघ ओढली, कापडावर खडूने ओढावी तशी सरळ. “उद्यापासून मीठ टाकत जा. रेघेच्या अलीकडे. पलीकडचं तिचं.”

“बरं, मामंजी,” ती म्हणाली आणि पदराने नाक पुसले. कांदा चिरायला घेतलेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात यंत्राचा आवाज आला. आजोबा विजारीच्या कंबरेची शिवण उसवून परत सैल करत होते.

ते त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले. नवी कवळी नीट बसली, पण ती त्यांनी लग्नकार्यापुरती आणि फोटोपुरती ठेवली. जेवण माझ्याच हातचे. गोटी मोठी झाली, पूल बांधणाऱ्या कंपनीत नकाशे काढते, रेघ सरळ काढते. सूनबाई आता स्वतः आजी आहे, पण दात शाबूत आहेत आणि सुपारी कडाकडा फोडते. तिचा नवरा निवृत्त झाला. आपली मुलगी लहानपणी हमालासारखी खायची, असे तो पाहुण्यांना अजून सांगतो. त्याला कोणी काही सांगितलेले नाही.

मिक्सर आल्यावर मी मागे पडले. काही वर्षे माझ्यात कपड्यांचे चिमटे होते, आता तेही नाहीत. तक्रार नाही. फक्त दोन गोष्टी मागते. तुमच्या घरात माझी कोणी बहीण असेल तर काम झाल्याबरोबर तिला धुवा; भोकांत वाळलेला भात फार बोचतो. आणि मित्रांनो, भांड्यात मीठ पडायच्या आधी एकदा सगळ्या ताटांकडे बघा. कोणी भूक नाही म्हणत असेल, तर ते लगेच खरे मानू नका.