टाळ्या मिळवणारा अंधार

मित्रांनो, जाता-येता तुम्ही माझ्या अंगावरचे वाढदिवसाचे फ्लेक्स वाचता, पण मान वर करून माझ्याकडे कधी बघितलंय का? मी पलूसच्या एका गल्लीतला दिव्याचा खांब. गल्लीत कुणाचाही वाढदिवस असो, फास माझ्याच गळ्याला! पण आज मी रडगाणं गाणार नाही. माझ्यासमोर जे घडलं त्यानं मी लोखंडाचा असूनही मुळापासून हादरलो. तेच सांगतो.

माझा जन्म कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यातला. पाइप कापला, जोडला, रुपेरी रंग फासला आणि टेम्पोत घालून मला इथं आणलं. माझ्या डोक्यावर तेव्हा पिवळा दिवा होता. तो हळूहळू तापायचा आणि मग अख्खी गल्ली हळदीच्या उजेडात बसायची. माझ्याखाली पोरं लपंडाव खेळायची आणि राज्य आलेला गडी मलाच मिठी मारून आकडे मोजायचा. लोक कौतुकानं म्हणायचे, "आपल्या गल्लीसारखा उजेड कुठं न्हाई." मी फुगून जायचो.

पुढं पिवळा दिवा गेला आणि पांढरा, लख्ख दिवा आला. उजेड वाढला, तशी किड्यांची झुंबडही वाढली. सकाळी माझ्या पायाशी मेलेल्या किड्यांचा सडा पडायचा. समोरच्या घरातल्या राजमती आजी रोज काठी टेकत तिथं यायच्या. त्या पाणी गाळून पिणाऱ्या, सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या. मऊ कुंचा घेऊन त्या धुगधुगी असलेले किडे कागदावर घ्यायच्या आणि जास्वंदीखाली नेऊन सोडायच्या. नात ब्राह्मी कागद धरायला बरोबर असायचीच. आजी हळहळायच्या, "किती जीव जात्यात गं ह्या दिव्यापायी!"

ऐकून मला वाईट वाटायचं. पण मी पडलो खांब, मी काय करणार?

ब्राह्मीचा काका गोमटेश कुपवाडला शाळेत मास्तर आहे. मुलांना शिकता शिकता मजा यावी म्हणून तो संगणकावरचे खेळ तयार करतो. त्यानं एक नवा खेळ बनवला आणि आपल्या जुन्या लॅपटॉपवर घालून ब्राह्मीला दिला. ती माझ्याखालच्या कट्ट्यावर बसून खेळायची आणि मी वरून टकामका बघायचो. पडद्यावर एक रस्ता होता, रस्त्यावर खांब होता, आणि खांब हुबेहूब माझ्यासारखा! मला कोण आनंद झाला. तेवढ्यात ब्राह्मीनं बटण दाबलं. पडद्यावरचा दिवा विझला, किडे भुर्रकन शेताकडं उडाले, एक चांदणी चमकली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मित्रांनो, मी थक्कच झालो. आयुष्यभर पेटलो तेव्हा कुणी टाळी दिली नाही, आणि विझल्यावर कडकडाट?

माझं बटण कट्ट्यामागच्या, लालासाहेबांच्या कंपाउंडच्या भिंतीवर आहे. लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. आपणहून रोज दिवेलागणीला येतात, बटण दाबतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात. मला ती सलामीच वाटते.

एके दिवशी दुपारी माझ्यासमोरचं गटार तुंबलं म्हणून लालासाहेबांनी त्यावरची फरशी सरकवली. काम आटपेना. शेजारच्या आकाराम नानांनी विचारलं, "फरशी बसवायची न्हाई का?"

"सकाळी बसवू की. दिवा हाय, दिसतंय लख्ख," लालासाहेब म्हणाले. माझ्यावर त्यांचा एवढा भरवसा होता. संध्याकाळी त्यांनी मला पेटवलं आणि ते म्हशीची धार काढायला गेले.

मग ब्राह्मी कट्ट्यावर चढली. भोवतीच्या किड्यांकडे तिनं डोळे भरून पाहिलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

माझे डोळेच गेले. गल्ली काळीठिक्कर पडली. त्या काळोखात मला टाळ्या ऐकू आल्या. एकटी ब्राह्मी स्वतःसाठी टाळ्या वाजवत होती. आणि त्याच वेळी गल्लीच्या टोकाच्या मंदिराकडून काठीचा ओळखीचा आवाज येत होता. ठक, ठक. मी ओरडणार कसा? मला तोंड नाही. काठीचा आवाज थांबला आणि किंकाळी आली, "आई गं!"

ब्राह्मीनं घाबरून बटण दाबलं. मी पेटलो, पण तेव्हा पेटलो नसतो तर बरं झालं असतं असं मला वाटलं. राजमती आजी गटारापाशी पडल्या होत्या. एक पाय आत होता आणि काठी दूर गेली होती. ब्राह्मीचा हात बटणावरच राहिला.

लालासाहेब धावत आले. "दिवा कुनी इजवला रं?" ब्राह्मी कट्ट्यावरून उतरून घरात पळाली. आजींना गाडीत घालून सांगलीला दवाखान्यात नेलं. पायाचं हाड मोडलं होतं. दिवा आपोआपच गेला आणि आला असं समजून मागं राहिलेल्या माणसांनी सगळा राग माझ्यावर काढला. लालासाहेबही म्हणाले, "ह्यो खांबच दगाबाज निघाला. ऐन वक्ताला गेला. उपटूनच टाका त्याला."

ज्या माणसाची सलामी मी रोज घेत होतो त्याच्या तोंडून हे ऐकलं. माझ्या उजेडाला जणू ग्रहण लागलं. पण माझ्यापेक्षा ब्राह्मीची अवस्था वाईट होती. ती खिडकीतून माझ्याकडे बघायची आणि नजर भिडली की पडदा ओढायची.

पायाला प्लास्टर घालून आजी घरी आल्या. अंगणात खुर्ची मांडली. गोमटेशही कुपवाडहून आला. मला उपटायला अर्ज कुणी करायचा, यावर बोलणं चाललं होतं. एवढ्यात ब्राह्मी पुढं आली. 

"खांबाला काडू नका. त्यो बिगडला न्हाई. दिवा मी बंद केलता."

 आजींनी विचारलं, "का गं बाळ?"

"तूच म्हनलीस न्हवं, दिव्यापायी जीव जात्यात म्हनून? आनि काकाच्या खेळात बंद केला की टाळ्या वाजत्यात."

गोमटेशचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं लॅपटॉप उघडला आणि आपलाच खेळ पहिल्यांदा बघावा तसा बघत राहिला. "रस्ता काढला, दिवा काढला, किडं काढलं," तो पुटपुटला. "ह्या रस्त्यावर मी मानूसच काढला न्हाई."

 लालासाहेब उठले आणि गटारावर बसवलेली फरशी पुन्हा एकदा पायानं दाबून बघून आले.

आजींनी ब्राह्मीला जवळ ओढलं. "किडं वाचवायला गेलीस, त्यात तुझं वंगाळ काय न्हाई. पर तुझी आजी बी जीवच हाय की गं!" मग इतका वेळ कोंडलेलं रडू ब्राह्मीला फुटलं.

आता माझ्या डोक्यावर पुन्हा पिवळा दिवा आहे आणि वर पत्र्याची टोपी आहे. उजेड आभाळात न उधळता नीट रस्त्यावर पडतो. किडे अजून येतात, पण पूर्वीइतके नाहीत. गोमटेशच्या खेळातही रस्त्यावरून एक आजी काठी टेकत चालते. दिवा विझवला की ती पडते, टाळ्या वाजत नाहीत. टोपी घातली की आजीही घरी पोचते आणि किडेही शेताकडं जातात.

मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या दिव्याचं एवढंच मागणं आहे. मला गरजेपुरतं पेटवा, माझी टोपी पुसा, उजाडलं की आठवणीनं विझवा. माझं बटण आता ब्राह्मीकडे आहे. सकाळी उजाडल्यावरही बटणावर बोट ठेवून ती आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघते आणि मोठ्यानं विचारते, "कोन येतंय का?"

अंगणातल्या खुर्चीतून आजी ओरडतात, "न्हाई गं, मी हितंच हाय!"

तेव्हाच ती बटण दाबते.