फेडीचा दिवस

आमची आजी प्रयागबाई ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण तसं कोणी म्हटलेलं तिला खपत नाही. पोलादपूरच्या बाजारातून पिशवी घेऊन चढ चढते आणि वाटेत दमलेल्या पोरींना "बसा गो जरा" म्हणते. यंदा मात्र फोनवर गुडघ्याचं दुखणं तिच्या तोंडून निसटलं आणि बाबांनी मला कळव्याहून थेट गावाला पिटाळलं. "तिला भाताच्या खाचरात उतरू द्यायचं नाही, अक्षदा. आपल्या घरची लावणी यंदा तू करायची."

आमच्या वाडीत लावणीला कोणी मजूर लावत नाही. ज्या घरचं माणूस दिवसभर तुमच्या शेतात वाकलं, त्यांच्या शेतात तुम्हीही एक दिवस वाकायचं. ही फेड. आमचं बाकीचं घर मुंबईकडे, त्यामुळे इतकी वर्षं फेड करायला एकटी आजीच.

पहिला दिवस बयाकाकूंच्या शेताचा होता. त्या आजीपेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी बांधावर प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती, वर छत्रीसुद्धा बांधली होती.

"काकी, तू हितं बस नि गानी सांग. तुज्या शेतात आमी येऊच, काळजी नको."

त्यात माया होती, मला ती दिसत होती. आजीला मात्र थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"म्हंजे मी बसून ऱ्हायचं नि तुमी माज्यावर दया कराया यायचं?"

"तुजी नात हाय ना गो!"

लावणीला जमलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मीही मोठ्या ऐटीत ओढणी कमरेला खोचून चिखलात उतरले. पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फारसं नाही. भात लावताना माणूस मागे सरकत जातं. मी पुढे सरकत होते आणि मघाशी लावलेलंच तुडवत होते. उरलेली रोपं पाण्यावर तरंगत होती. बायका हसून हसून बेजार झाल्या.

आजीने रोपांच्या मुठी खुर्चीवर रचल्या, लुगडं वर खोचलं आणि उतरली. वाकली ती भाकरीच्या वेळेलाच ताठ झाली. तिची ओळ सरळ, हात चालू आणि वर तोंडाने माझी थट्टाही. आजोबा गेले तेव्हा बाबा रांगत होते. तेव्हापासून ही बाई अशीच वाकत आली आहे, आणि तरी तिच्या तोंडून कधी रड ऐकली नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि खरं सांगायचं तर हेवाही.

दुपारी बाबांचा फोन आला. "आजी बसलीय ना?"

"मजेत आहे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी मात्र आजी गुडघ्याला तेल चोळत बसली होती. मग हळूच म्हणाली, "फेडीत धरतील ना गो माजा दिवस?"

आजीला कशाचं भय वाटलेलं मी तोवर पाहिलंच नव्हतं. लोक लावणीला येणार हे नक्की होतं. ते फेड करायला येतात की म्हातारीची कीव करायला, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

आमच्या शेताची पाळी आली तेव्हा आजी सगळ्यांच्या आधी बांधावर उभी होती. बयाकाकू सुनेला घेऊन आल्या, मागोमाग बाकीच्या बायका. मी शहाणी पटकन बोलून गेले, "काकू, बरं झालं मदतीला आलात."

आजीचा चेहरा पडला.

"मदत?" बयाकाकू माझ्यावर उखडल्या. "तुज्या आजीनं माज्या खाचरात आख्खा दिवस काडलाय. तो फेडाया आलेय मी." मग आजीकडे वळून म्हणाल्या, "नि काकी, उद्या ह्या चंद्रभागेच्या शेतात लावनी हाय. येळेवर ये. उशीर केलास तर अर्धाच दिवस धरू."

"मला कदी उशीर झालाय गो?" आजी त्यांच्यावर खेकसली, आणि हसत हसत सगळ्यांच्या आधी खाचरात उतरली.