न दिलेला सल्ला

शिंप्याची बायको म्हणजे चालतंबोलतं सल्लाकेंद्र. समोरच्याने तोंड उघडायचा अवकाश, हिचा उपाय तयार! पोरं मार्गी लागल्यावर तिने विद्यापीठात समुपदेशनाच्या पदवीला नाव घातलं, तेव्हा शिंपी पोट धरून हसला होता. लेखी परीक्षांत ती भल्याभल्यांच्या पुढे गेली, तशी त्याची थट्टा थांबली आणि गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तो तिचे गुण सांगू लागला.

गाडी अडली ती प्रात्यक्षिकात. काचेपलीकडे परीक्षक, समोर आपलं दुःख सांगणारी बाई, आणि नियम एकच: ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. हिने त्या बाईचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिला नोकरी सोडायला सांगितलं. नापास! आता एकच संधी उरली होती. तीही हुकली की पदवीवर पाणी.

मग रोज दुकान बंद झालं की कापायच्या टेबलापलीकडे बसून शिंपी दुःखी माणूस व्हायचा आणि खोटी खोटी रडगाणी गायचा. ती दर वेळी घसरायची.

"अहो, त्या भावाला सरळ घराबाहेर काढा!"

"भाऊ खोटा आहे गं. आणि तू परत नापास."

एका संध्याकाळी त्याला खोटं काही सुचेना. तोंडून निघून गेलं, "माझा हात थरथरतो. सुईत दोरा जात नाही. घरी कुणाला बोललो नाही."

तिचे ओठ हलले. आता डॉक्टर, औषधं, सगळं अंगावर येणार म्हणून त्याने मान खाली घातली. काहीच आलं नाही. वर बघतो तर तिचे डोळे भरलेले, पण ती ऐकत होती. मग तो बोलत सुटला. दुकानाची काळजी, पुन्हा पुन्हा उसवलेल्या शिलाया, वाटणारी लाज. इतकं तो जन्मात कुणाशी बोलला नव्हता.

"आणखी काही सांगायचंय?" तिने हळूच विचारलं.

"नाही. मोकळं वाटलं."

"मग प्रात्यक्षिक संपलं. आता बायको म्हणून सांगते, उद्या डॉक्टरकडे चला. नाही कसं म्हणता तेच बघते!"

ती पास झाली, तीही वर्गात पहिली. पदवीदानाच्या काळ्या झग्याच्या बाह्या शिंप्याने स्वतः आखूड करून दिल्या. दोरा तिने ओवला.

शेजारच्या न्हाव्याने चिडवलं, "एवढी वर्षं घालवून वहिनी शिकल्या तरी काय?"

"गप्प बसायला," शिंपी छाती फुगवून म्हणाला. "तुला जमेल?"