खिंडीतला दिवा

प्रियदर्शनीनं बोटानं मोबाईलवरचा डोंगर फिरवला, खिंडीशी आणून थांबवला आणि बघितलं. खोपटं होतं. खोपटापुढचे दगड होते, सुतात धरल्यासारखे एका ओळीत. दिवा तेवढा नव्हता.

खाली हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं निघाल्या होत्या. उंब्रजच्या दुकानांतले दिवे लागून गेले होते. गच्चीवर थंडी वाजत होती, पण ती खाली उतरेना, कारण खाली आई होती आणि आईचा प्रश्न ठरलेला होता.

"लागला का गं?" शालूबाईंनी जिन्याखालून विचारलंच.

"न्हाई अजून."

"नीट बघ की. कालबी न्हाई म्हनलीस."

नीट काय बघायचं? ती दिवेलागणीपासून तेच करत होती. चुलीजवळ परातीत पीठ काढून ठेवलेलं होतं आणि ते तसंच राहणार होतं. खिंडीतला दिवा लागल्याशिवाय शालूबाई तव्यावर भाकरी टाकत नसत. हे त्यांचं व्रत कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांनीच धरलं होतं. काल रात्री मायलेकी दूध पिऊन झोपल्या होत्या. झोपल्या म्हणजे आडव्या झाल्या होत्या.

खेळ म्हणाल तर अगदी बिनकामाचा. नाव 'डोंगरवस्ती'. मोबाईलवर एक डोंगर दिसतो. खेळायला येईल त्याला त्या डोंगरावर एक खोपटं मिळतं आणि खोपटाला एक दिवा. दिवसातून एकदा येऊन तो लावायचा, सकाळपर्यंत तो राहतो. वाटलं तर अंगणात दगड मांडायचे. बास. मारामारी नाही, गुण नाहीत, कुणाशी बोलता येत नाही. दुसऱ्याचा दिवा लांबून बघायचा आणि आपण एकटे नाही एवढं समजून घ्यायचं. असला खेळ कोण खेळणार? कोणीच खेळत नव्हतं.

आणि कोणी खेळत नाही तेच खेळ प्रियदर्शनी शोधून काढायची. दिवसा ती स्टँडजवळच्या क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायची आणि घरी येऊन व्हिडिओ करायची. चॅनेलचं नाव 'कुनी खेळंना'. एका खेळात फक्त तंबोरा जुळवायचा असतो, एकात पुरात बुडालेल्या गावात टपाल वाटायचं असतं. कुणा एकट्यादुकट्यानं जीव ओतून केलेले आणि धूळ खात पडलेले खेळ ती हुडकायची आणि आपल्या बोलीत सांगायची, "गड्यांनो, ह्यो बगा तरी एकदा." ऐकणारे मोजकेच होते, पण जीव लावून ऐकायचे.

'डोंगरवस्ती' तिनंच दादाला दाखवला होता. पृथ्वीराज, तिचा थोरला भाऊ, फौजेत होता. मागच्या सुट्टीवरून निघताना त्यानं ओसरीत सगळ्यांसमोर सांगितलं, "वर बर्फात बोलन्याएवढं नेटवर्क नसतंय. पर ह्यो दिवा लावाया काय लागत न्हाई. दिवा दिसला की समजायचं, मी बरा हाय." आणि तो गेल्यापासून रोज, अगदी दिवेलागणीला, खिंडीतलं खोपटं उजळायचं. दसऱ्याला एकदा फोनवर बोलणं झालं. त्यानंतर होता तो दिवाच.

मग खेळ करणाऱ्यानं कळवलं की एवढ्या थोडक्या माणसांसाठी डोंगर चालू ठेवणं परवडत नाही, महिनाअखेर बंद करणार. तिनं त्याच दिवशी व्हिडिओ केला. आजवर केला नव्हता इतक्या कळकळीनं केला. आणि बोलता बोलता खिंडीवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो दिवा माझ्या भावाचा. फौजेत हाय. सगळ्यात उंच ठाण्यावर." मग ठाण्याचं नावही सांगून टाकलं. "रोज सूर्य बुडला की लावतोय. दगड बगा कसं मांडल्यात. घरात एक चप्पल हितं, एक तिथं टाकनारा मानूस. फौजेनं वळण लावलं."

ह्यात तिला वावगं वाटलं नाही. तिच्या गावात फौजी सुट्टीवर आला की त्याच्या पलटणीच्या नावासकट फ्लेक्स लागतो. ज्याच्या त्याच्या तोंडी असतं, अमक्याचा पोरगा तमक्या ठाण्याला. अभिमानाची गोष्ट लपवतं का कुणी? लपवायचे ते फक्त तिचे वडील. लालासाहेब सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. ते म्हणायचे, "फौजी कुठं हाय ते उंबऱ्याच्या आत ऱ्हायला पायजे." तिला ते जुन्या काळचं वाटायचं.

व्हिडिओ तिच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त पसरला. पुण्याच्या एका मोठ्या चॅनेलनं तो उचलला. डोंगरावर भराभर खोपटी उठली. आणि त्या गर्दीत एका बिनफोटोच्या माणसानं खाली लिहिलं, "भाऊ नक्की कोणत्या ठाण्यावर आहे? दिवा रोज ठरलेल्या वेळीच लावतो का?"

ते वाचून तिनं लगेच व्हिडिओ काढून टाकला. पण सुटलेला शब्द कुठं माघारी येतो? त्याच संध्याकाळी खिंडीत अंधार राहिला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आज दुसरी संध्याकाळ. डोंगर खालून वरपर्यंत लखलखत होता. तिनं मागितलं होतं तसंच झालं होतं, लोक आले होते. फक्त मधली एक जागा काळी होती आणि तिची नजर तिथून हटत नव्हती. मन चिंती ते वैरी न चिंती. त्या माणसानं कुणाला सांगितलं असेल? ठाण्यावर काय झालं असेल? का व्हिडिओ बघून साहेबांनीच दादाला पकडलं असेल? ह्यातलं शेवटचं खरं असू दे, असं ती देवाला विनवत होती. शिक्षा होऊ दे, पण माणूस असू दे.

सकाळी ती डबा घेऊन मिरजेला निघाली. लालासाहेब तिथं दवाखान्यात होते. व्हिडिओ काढून टाकला त्याच दुपारी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डावा डोळा फौजेतच अधू झालेला. त्यात साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं होतं. सोबतीला चुलते नानासो होते.

"आबांस्नी काय सांगू नगंस दिव्याचं," निघताना शालूबाई म्हणाल्या. "डोळ्यात पानी येऊन चालनार न्हाई."

पण ती सांगायलाच निघाली होती. फौजेत कुणाला फोन करायचा, कुणाला विचारायचं, हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं, डबा मांडीवर धरून ती बसली होती. तिला दादाच्या काळजीनं भ्या वाटत होतं आणि बापाच्या तोंडाकडं बघायचंही.

एसटी वाटेत बंद पडली. दुसऱ्या गाडीत उभं राहून मिरज गाठेपर्यंत दुपार कलली. लालासाहेब खाटेवर ताठ बसून होते. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, हात गुडघ्यावर. पावलावरून त्यांनी ओळखलं.

"प्रिया? तू कशाला आलीस? आई एकटी हाय तिकडं."

नानासो म्हणाले, "बरं झालं आलीस. ह्यास्नी सांग जरा. कालपासनं नुसती चुळबुळ चाललीया. मोबाईल बघू द्या म्हंत्यात. डॉक्टरनं सक्त मना केलंय." आणि ते चहा प्यायला खाली गेले.

तिनं डबा उघडला नाही. स्टुलावर टेकली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, ठाण्याचं नाव, तो बिनफोटोचा माणूस.

"दोन सांजा झाल्या आबा, दिवा लागला न्हाई. माझ्यामुळं झालं. तुमी कुनाला तरी फोन करा."

लालासाहेबांनी तोंड तिच्याकडं वळवलं.

"जिभेला हाड न्हाई तुझ्या."

"व्हय."

"ठाण्याचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"आनि दिव्याची येळ?"

"तीबी सांगितली."

ती त्यांच्या शिव्यांची वाट बघत राहिली. पण त्यांचे खांदे खाली आले. असं खांदे पाडून बसलेलं तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ठाण्याचं नाव घेतलंस ते वंगाळ झालं. पुन्यांदा कुठं काढू नगंस. पर दिव्याच्या येळेनं त्याला काय व्हत न्हाई."

"कशावरनं म्हंता?"

"व्हत न्हाई म्हंतोय नव्हं."

"मग दिवा का लागंना, आबा?"

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. तिला वाटलं, आबा नुसता धीर देत आहेत. तिची भीती तसूभरही कमी झाली नाही, उलट वाढली, कारण तिचा बाप खोटा धीर देणारा माणूस नव्हता.

वॉर्डातल्या ट्यूबलाइटी लागल्या. बाहेर कुठंतरी मगरीबची अजान सुरू झाली. लालासाहेबांनी मान वर केली.

"दिवस मावळला का गं?"

"मावळला."

"आईनं काल भाकरी टाकली?"

"न्हाई. परवाबी न्हाई."

त्यांची बोटं चादरीच्या काठावरून मागं-पुढं होत होती. "नानासो आला का बघ," म्हणाले. आला नव्हता. मग त्यांनी उशीखाली हात घातला, चाचपडून आपला मोबाईल काढला आणि तो धरून थोडा वेळ तसेच बसले. शेवटी हात पुढं केला.

"ह्ये घे. मला काय दिसंना. ती दुसऱ्या रांगंतली पयली खूण दाब."

तिनं दाबली. अंधारात डोंगर उभा राहिला. ती रोज लांबून बघायची ते खोपटं आता ऐन समोर होतं, दार उघडं. खाली लिहिलेलं होतं, दिवा लावा.

तिला आधी काही कळलंच नाही. मग घराच्या अंगणातले दगड डोळ्यांपुढं आले. गेरू आणि चुना लावून आबांनी एका ओळीत बसवलेले, दर दिवाळीला पुन्हा रंगवलेले.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"पयल्या दिसापासनं. हितंच मिरजंच्या फलाटावर त्यानं माज्या मोबाईलात घालून दिलं. म्हनला, आबा, वर मोबाईल जमा करून घेत्यात. आईम्होरं बोलून बसलोय. तुमी लावा."

"म्हंजे दादाचं..." तिनं मोबाईल खाली केला. "खरी अशी शेवटची खबर कोनती?"

"दसऱ्याचा फोन. तूच बोललीस की."

"त्याच्यानंतर?"

"रस्ता बंद हाय बर्फानं. सुटला की कळंल."

आपल्या तोंडून भावाचा घात झाला, ह्या भयानं ती दोन दिवस अर्धमेली झाली होती. तो घात झालाच नव्हता. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिला वाटलं ते असं, की दसऱ्यापासून रोज आपण जेवलो, हसलो, झोपलो ते ह्या म्हाताऱ्याच्या बोटावर, आणि वर बर्फात काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. ही भीती कालच्यापेक्षा मोठी होती आणि ती ह्यांनी एकट्यानं वागवली होती. तिनं बापाकडं पाहिलं. पट्टीखालून ओघळ आला होता.

"आबा, डोळ्याला पानी लावू नगा."

"न्हाई लावत."

तिचा स्वतःचा मोबाईल वाजला. शालूबाई.

"पोचलीस न्हवं? आबा जेवले का?" आणि मग खालच्या आवाजात, "बघितलास का गं आज?"

प्रियदर्शनीनं एक मोबाईल कानाशी धरला आणि दुसऱ्यावर अंगठा टेकवला. खिंडीत पिवळा ठिपका उमटला आणि आजूबाजूच्या शेकडो दिव्यांत मिसळून गेला.

"लागला, आई. आत्ताच लागला."

पलीकडून परात ओढल्याचा आवाज आला.

"टाकते मग भाकरी. तूबी खा काय तरी. उपाशी फिरू नगंस."

फोन ठेवल्यावर लालासाहेबांनी हात पुढं केला, पण मोबाईल मागितला नाही. तिच्या मनगटावर हात ठेवून विचारलं, "दगड बघ. सरळ हायत नव्हं?"

तिनं अंगण मोठं करून पाहिलं. सगळे सरळ होते. तिनं कडेचा एक दगड बोटानं उचलला, लांब नेला आणि दाराच्या दुसऱ्या अंगाला, दादाच्या चपलेसारखा, वाकडातिकडा टाकला.

"हायत, आबा," ती म्हणाली आणि डबा उघडायला घेतला.