काळ्या गाळातली निळी ज्योत

"बाई, गरम कुंडाच्या तळचा काळा गाळ जिवंत असतो का हो?"

मैत्रिणींनी, आफ्रीन आणि सिद्धीने, पैज लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. मैथिली गुरवने विचारलं, आणि अख्खा वर्ग खिदळला. विज्ञानाच्या सावंतबाई मात्र हसल्या नाहीत. "असतो. दाखवशील सिद्ध करून?"

मार्गशीर्षातली धूसर, धुकेभरली सकाळ. पोफळींच्या पलीकडे देवळाचं ते कुंड: बाष्पवसन, गंधकगंधी, धरणीच्या उदरातला उष्ण उच्छ्वास. तळाशी काजळकाळा गाळ. संक्रांतीच्या जत्रेआधी गुरवांनी तो खरवडून ओढ्यात फेकायचा, ही पिढ्यांची रीत.

"घाण ती घाण," मैथिलीचे अप्पा म्हणाले. "जिवंत आहे? दाखव मग. नाहीतर जत्रेआधी काढणार."

तिने बाटलीत गाळ भरला, वर शेणकाला ओतला, तोंडाला फुगा बांधला, सुंभाने बाटली कुंडातच सोडली. आणि गाळातले जीव घुसमटतील बिचारे, म्हणून रोज फुगा सोडून आत वारा घातला!

फुगा लुळा. निस्तेज. सुरकुतलेला.

"अगं वेडे," सावंतबाई म्हणाल्या, "वारा हेच त्यांचं विष! पृथ्वीवर प्राणवायू नव्हता ना, तेव्हापासूनचं कूळ आहे त्यांचं."

प्राणवायूच्याही आधीचे! दाहात रमणारे, तमात वसणारे, कुजल्या पानाला, सडल्या शेणाला पचवून त्याचंच इंधन करणारे अनंत, अगोचर, अग्निप्रिय जीव. जिथे आपला हात पोळतो, तिथे त्यांचं माहेर!

मग तिने बाटली काठोकाठ भरली. वाऱ्याला तसूभर जागा नाही. आणि वाट पाहिली. एक बुडबुडा. मग आणखी एक. मग मोत्यांचे सरच्या सर. आणि फुगा फुलला, फुगला, डोलला!

तिन्हीसांजेला अंगणात सगळे जमले. फुग्याच्या तोंडाला बारीक नळी, एक पेटती काडी, आणि आतल्या गोबरगॅसची ज्योत! निळी, नितळ, नीलकंठाच्या पिसासारखी थरथरती.

"हसलो होतो तुला, हरलो गं बाई, हरलो!" आफ्रीन ओरडली. आईने पदर तोंडाशी धरला. अप्पांनी वाकून ज्योतीजवळ हात नेला.

निळ्या उजेडात उजळलेली मैथिली ताठ उभी राहिली.

"अप्पा, आई, ऐका. पायऱ्या मी घासेन, शेवाळ मी काढेन. पण तळाला यंदा कुणाचा हात लागणार नाही. आणि दहावी झाली की मी रत्नागिरीला सायन्सला जाणार. ज्यांना वारा नको, उजेड नको, नुसती ऊब हवी, त्यांचंच शिकणार मी. आयुष्यभर शिकणार. ठरलं माझं."