कव्हरकाकांचा टोप

"बाबा, खरं सांगा, तुम्ही विग घेताय?"

मुलीचा आवाज फोनमधून असा खणखणीत आला, की वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या तिघांनी एकाच वेळी कव्हरकाकांच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. अठ्ठाविसाव्या वर्षापासून नव्हतं.

"कोण म्हणालं?" काकांनी फोन कानात खुपसायचाच बाकी ठेवला.

"कोणी म्हणायला कशाला हवं? सकाळपासून माझ्या फोनवर नुसते विग. बाळाचे कपडे बघायला गेले, तिथे विग. हवामान बघायला गेले, तिथेही विग. आपल्या तिघांचं खातं एकच आहे ना! मी शोधले नाहीत. आई असल्या भानगडीत पडणार नाही. मग उरलं कोण?"

काकांनी टेबलाकडे पाठ फिरवली. "मीच," ते म्हणाले. "माझ्यासाठीच बघत होतो."

पलीकडे मुलगी इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. नववा महिना लागला होता. उभ्याने हसायचे दिवस गेले होते.

फोन ठेवेपर्यंत शिपायाने झाडू भिंतीला टेकवलाही होता. "काका, भांग मधून पाडणार की बाजूने?"

"तू आधी कपाटाखालचा केर काढ."

"काढतो की. पण फणी लागली तर सांगा, माझ्याकडे जास्तीची आहे."

आता खरी गोष्ट अशी होती, की टोप काकांना नकोच होता. तो बायकोसाठी होता. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला आजाराचं नाव सांगितलं, उपचार सांगितले आणि जाता जाता, दार उघडं राहिलंय असं सांगावं तितक्या सहज, केस जातील असंही सांगितलं. पहिलं इंजेक्शन झालं होतं. बायकोने घरी येऊन पर्स खुंटीला लावली आणि हुकूम सोडला, "पोरीला एवढ्यात कळता कामा नये. तिचं बाळंतपण सुखरूप होऊ दे. मग मी सांगेन. मी, तुम्ही नाही." आणि थोड्या वेळाने, "माझ्या केसांवर घरात बोलायचं नाही. ते आहेत तोवर आहेत."

काका बोलले नाहीत. पण ती झोपलेली असताना कॉम्प्युटरपाशी बसून त्यांनी दोन बोटांनी 'बायकांचे केसांचे टोप' एवढं लिहिलं. बस्स, एवढंच. आणि त्या एवढ्याशाचा डंका शंभर कोसांवरच्या मुलीच्या फोनवर वाजला. आज टोपावर निभावलं. उद्या आपण औषधाचं नाव शोधलं तर?

झाकणं हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. एकतीस वर्षं ते देवघेवीच्या टेबलावर बसत होते. एखादा वाचक पुस्तक पुढे सरकवताना त्यावर हात ठेवू लागला, की काका काही न विचारता खणातून खाकी कागद काढत आणि दोन मिनिटांत कव्हर घालून देत. त्यावरूनच त्यांना नाव पडलं. पुस्तक परत आलं, की ते रजिस्टरातल्या वाचकाच्या नावावर अशी गच्च शाई फिरवत, की ते नाव देवालाही वाचता येऊ नये. ग्रंथपालबाईंनी दोनदा लेखी समज दिली होती. काकांनी दोन्ही समजपत्रांना कव्हर घातलं होतं. एकदा एक नवरा तावातावाने विचारायला आला, "माझी बायको इथून काय नेते?" काका म्हणाले, "पुस्तकं."

अशा माणसाशी त्याच्याच घरच्या यंत्राने फितुरी करावी!

तेवढ्यात टेलिफोनबाई आल्या. या बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. वय बहात्तर, चष्मा जाड, जीभ त्याहून धारदार. निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर असा शिकून घेतला, की आता वाचनालयाच्या कोपऱ्यातलं मशीन अडलं तर ग्रंथपालबाईसुद्धा त्यांचीच वाट बघत. खाकी कव्हरात त्या प्रेमकथा नेत. आठवड्याला तीन. हे जगात फक्त काकांना ठाऊक होतं.

"बाई, माझं एक काम आहे," पुस्तक परत घेता घेता काका हळूच म्हणाले. "मला काहीतरी झाकायचंय. काय ते विचारू नका. कसं ते सांगा."

टेलिफोनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, कव्हरकाका. एकदाही ऐकली नाहीत."

"एकदाही नाही?"

"एकदा ऐकलं. फार कंटाळवाणं होतं. चला, जेवणाच्या सुट्टीत बसू."

सुट्टीत दोघं कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसले. काका वही-पेन घेऊन आले होते. बाईंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"तुमचं घरचं कसं चालतं, दाखवा." काकांनी खातं उघडलं, आणि उघडताच पडद्याच्या उजव्या अंगाला टोपांची रांग उभी राहिली. लांब केसांचे, खांद्यापर्यंतचे, कुरळे. एकूण एक बायकांचे.

टेलिफोनबाईंनी ती रांग पाहिली. मग काकांकडे पाहिलं. काकांनी वहीत तारीख घालायला घेतली. बाईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "हं. तर पहिली गोष्ट, ब्राउझर."

त्या एकच शब्द जास्त बोलल्या असत्या, तर काका उठून गेले असते. त्या बोलल्या नाहीत.

"हा बघा," बाई एकेक उघडून दाखवू लागल्या, "दिसायला गोड. पण उंबरठ्यावरच नाव विचारतो, खातं काढा म्हणतो."

"नको. आपण वाचनालयात आलेल्याला आधी पाणी विचारतो."

"हा दुसरा. भलताच कडक. इतका, की अर्धी पानं उघडायचीच नाहीत."

"ग्रंथपालबाईंसारखा."

"अगदी. आणि हा मधला. नाव विचारत नाही, काम अडवत नाही, आणि आपण सांगू तेवढंच लक्षात ठेवतो."

"हाच," काका म्हणाले. स्वतःच्या लग्नाला मुलगी पसंत करतानासुद्धा त्यांनी इतक्या पटकन मान हलवली नव्हती.

मग सेटिंग सुरू झालं. बाई सांगत होत्या, काका उतरवून घेत होते. खात्यातून बाहेर पडायचं, म्हणजे इथलं तिथे जात नाही. तिसऱ्याच्या कुकीज बंद.

"तिसरा कोण?"

"असं समजा, तुम्ही टोपांच्या... तुम्ही एका दुकानाला फोन लावलात. पलीकडे दुकानदार आहे, ते ठीक. पण त्याच लाईनवर आणखी सतरा जण श्वास रोखून बसलेत. ते तिसरे."

"सतरा?" काकांचा रंग उडाला. "एक्स्चेंजमध्ये असं चालायचं?"

"नोकरी गेली असती!"

आपण कुठे आहोत हे विचारलं तर नाही म्हणायचं. कॅमेरा, माईक, आधी विचारल्याशिवाय नाही. शोधायचं ते मागचं ध्यानात न ठेवणाऱ्या ठिकाणी शोधायचं. आणि खासगी खिडकीवर फार विसंबायचं नाही. "ती घरातल्यांपासून झाकते," बाई म्हणाल्या, "बाहेरच्यांना दिसायचं ते दिसतंच. अर्धं कव्हर आहे ते."

"अर्धं कव्हर मी घालत नाही."

"माहितीय. आता शेवटचं. ब्राउझर बंद करताना सगळं पुसून टाकायची खूण करता येते. पण जपून हं, त्यात हवं असलेलंही..."

काकांनी पुढचं ऐकलंच नाही. बंद करताना सगळं पुसून टाकायचं! म्हणजे पुस्तक परत आलं की नावावर शाई. ज्याने कोणी हे यंत्र बनवलं, तो पूर्वी देवघेवीच्या टेबलावर बसत असणार. वहीत त्यांनी ते वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी बायको पडून होती तेव्हा काकांनी वही उघडून एकेक कलम पार पाडलं. नवा ब्राउझर घेतला. खात्यातून बाहेर पडले. शोधलेल्याची सगळी यादी पुसली. चौकोन दिसेल तिथे खूण केली. नको तिथेही एक झाली, तेव्हापासून कॉम्प्युटरवरची अक्षरं राक्षसाएवढी दिसू लागली. पण ते चालण्यासारखं होतं. शेवटी वहीत नव्हतं तेही त्यांनी केलं. जुना ब्राउझर मुळासकट उपटून टाकला. शाई फिरवायची तर गच्च.

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. "बाबा, विग येणं बंद झालं. घेतलात वाटतं?"

"विचार बदलला."

"अरेरे! मी बाळाला टकल्या आजोबाची सवय लावू म्हणता?"

काका हसले. फोन ठेवून त्यांनी कितीतरी दिवसांनी चवीने चहा घेतला. घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच आतून हाक आली.

"अहो! इकडे या. या मशीनचं तुम्ही काय केलंत?"

बायको कॉम्प्युटरसमोर बसली होती. वेणी पुढे घेतलेली, आणि ती दोन्ही हातांनी धरलेली.

"काही नाही. जरा सुरक्षित केलं."

"इतकं सुरक्षित, की माझं पान मलाच सापडत नाहीये! मी खूण करून ठेवलं होतं."

"कसलं पान?"

ती राक्षसाएवढ्या अक्षरांकडे बघत बसली. "होतं एक," शेवटी म्हणाली. "डोक्याला रुमाल कसा बांधायचा त्याचं. चित्रं होती."

काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. "तू शोधलंस? अगं, पोरीला दिसलं असतं!"

"शोधलं नाही. तेवढी अक्कल आहे मला. दवाखान्यातल्या नर्सने पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला होता, तो जसाच्या तसा टाकला."

"मग ती चिठ्ठी काढ ना."

"फाडून टाकली."

"का?"

"कोणाच्या हाती लागली असती म्हणजे?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकाने कॉम्प्युटर साफ केला होता, दुसरीने चिठ्ठी. एका साध्या रुमालाच्या गाठीचा या दोघांनी मिळून असा बंदोबस्त केला होता, की गुप्त पोलिसांनी शिकवणी लावावी. आधी तिचे ओठ हलले. मग काकांचे खांदे. आणि मग दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"आणि तुम्ही टोप शोधत होतात," डोळे पुसत ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"पोरीने. त्याच दिवशी. 'आई, बाबांना या वयात हे काय सुचतंय, लक्ष ठेव.' मी म्हटलं, असू दे गं, हौस आहे त्यांची."

काका जमिनीकडे बघू लागले. "तुला नको असेल तर..."

"टोप नको. डोक्यावर मांजर घेऊन फिरल्यासारखं वाटेल. रुमाल चालेल."

मग नव्या ब्राउझरमध्ये दोघांनी मिळून शोधलं. लिहिलं तिने, काकांनी नुसती नजर ठेवली, सतरा जण कुठून डोकावतात का. पान सापडलं. तेच नव्हे, पण तसंच, सहा चित्रं. तिने कपाटातून निळ्या ठिपक्यांचा सुती रुमाल आणला, आरशासमोर उभी राहिली आणि दोनदा प्रयत्न करून वैतागली. वेणी मध्ये येत होती, आणि मागची गाठ दिसत नव्हती.

"बसा," ती म्हणाली.

"मी?"

"घरात तयार डोकं असताना मी कुठे शोधत फिरू?"

काका स्टुलावर बसले. ती मागे उभी राहिली. पहिल्या गाठीत कान दुमडला गेला, दुसरीत रुमाल डोळ्यांवर उतरला. "हलू नका हो! न्हाव्याकडे तरी गप्प बसता का?" "न्हाव्याकडे मी गेलोय कधी?" तिसऱ्या खेपेला रुमाल नीट बसला. तिने चारही बाजूंनी फिरून पाहिलं. कपाळावरून एकदा हात फिरवला.

"बरा दिसतो," ती म्हणाली. काका जरा ताठ बसले.

त्याच वेळी फोन वाजला. चेहरा दिसणारा फोन होता, मुलीचा. बायको झटकन मागे सरली. पडद्यात येणार नाही, इतकीच. तिचं बोट अजून गाठीवर होतं, ती सुटू नये म्हणून. रुमाल सोडायला वेळ नव्हता. काकांनी फोन उचलला.

पलीकडे मुलगी किंचाळली. "बाबा! हे काय?"

"टोप बसेना," काका गंभीरपणे म्हणाले. "म्हणून रुमाल."

"निळ्या ठिपक्यांचा? अहो, हसवू नका ना, आतून लाथा मारतंय! आई कुठेय? आई हे बघतेय का?"

"बघतेय. तीच म्हणाली, बरा दिसतो."

"मला फोटो पाठवा. बाळाला दाखवीन, म्हणजे आत्तापासून सवय होईल."

ती बराच वेळ हसत होती. फोन बंद झाला तेव्हा खोलीत तिचं हसू जरासं उरलं होतं. मानेमागचं बोट गाठीवरून निघालं. बायको चहाचे कप घेऊन आत गेली.

काकांनी रुमाल सोडायला हात वर केला, तेव्हा त्यांना बाहीवर काहीतरी दिसलं. एक केस. लांब, काळा, मुळाशी पांढरा. मग दुसरा. स्टुलामागे फरशीवर आणखी होते, सात-आठ, एकाच जागी.

आत नळ चालू होता. काका खाली वाकले आणि एकेक करून ते सगळे उचलले. घरच्या टेबलाच्या खणातून खाकी कागद काढला, केस मध्ये ठेवले, चारही कडा नीट दुमडल्या. वर काहीही लिहिलं नाही.

नळ बंद व्हायच्या आत ते पुन्हा स्टुलावर येऊन बसले होते. डोक्याला रुमाल तसाच होता.