तारेचे वेढे

मी एक जुनी लाकडी जाळी आहे. स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला मला वेल चढवण्यासाठी लावलं आहे. मित्रांनो, माणसांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. का, ते सांगते.

सुतार मला भिंतीला चिकटवूनच ठोकणार होता. घरच्या बाईंनी त्याला अडवलं. "वीतभर जागा सोडा. वारा खेळला नाही तर सगळंच कुजेल." दुपारच्या उन्हाने स्वयंपाकघर तापायचं, म्हणून त्यांनी माझ्या पायथ्याशी मधुमालती लावली. तिचे कोवळे शेंडे त्या रोज माझ्या पट्ट्यांतून ओवायच्या. चौथ्या वर्षी मी फुलांखाली दिसेनाशी झाले. कौतुक वेलीचंच व्हायचं. मला चालायचं.

मग बाई वारल्या. त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे मालकांना, वेलीतलं ओ की ठो कळत नव्हतं. वाऱ्याने वेल माझ्यावरून सुटायला लागली, तेव्हा ते पक्कड आणि तार घेऊन आले. बुंध्याशी वेढ्यावर वेढे घालून तिला माझ्याशी करकचून बांधलं. "आता कशी जाशील," ते पुटपुटले.

पुढच्या वर्षी पानं पिवळी पडली. मालकांचा संशय आधी शेजारणीवर गेला. "साबणाचं पाणी इकडेच ओतते ती." मग बागकाम करणाऱ्या तात्यांवर. मलाही तात्यांचाच संशय होता. मुळाशी वाकून इतका वेळ काय बघतात? तार मला रोज टोचत होती, पण बाईंच्या नवऱ्यावर संशय घ्यायचं माझ्या मनात आलं नाही.

एके दिवशी तात्या करवत घेऊन आले. मालक आडवे आले. "तिला हात लावायचा नाही."

"नाही लावत. तुम्हीच लावा. इथे बोट फिरवा."

मालकांनी बोट फिरवलं. तार खोडात पार रुतली होती.

"हे मी केलं?"

"खोड जाड होत जातं, साहेब. तार वाढत नाही."

"वाचेल?"

"तारेच्या वरचं गेलं. खालचं जिवंत आहे. आज कापलंत तर फुटेल."

वरचं म्हणजे बाईंनी ओवलेलं सगळं. मालकांनी तात्यांच्या हातातून करवत घेतली. मग त्यांनीच कापलं. कितीतरी वर्षांनी माझ्या पट्ट्यांवर ऊन पडलं. मला ते आवडलं नाही.

आता खालून दोन कोंब आले आहेत. मालक रोज येऊन हात मागे बांधून बघतात. मी त्यांच्या खिशाकडे बघते, तार तर नाही ना.

मित्रांनो, जीव लावलेल्याला बांधायची वेळ आलीच, तर सैल बांधा. आणि बांधलेलं मधूनमधून सोडून बघा.